भीती जाईपर्यंत थांबू नका

प्रश्न: मी ५२ वर्षांची आहे, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात दिल्लीहून मुंबईला येताना विमान खूप हललं. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास अडकलेला. आता मी मरणार असंच वाटलं. त्यानंतर विमानात पाय ठेवलेला नाही. त्याआधी मात्र कितीतरी वेळा मजेत बसले होते. मुलगी बंगळूरला असते, अडीच महिन्यांनी तिचं बाळंतपण आहे. गेल्या वेळी मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेसने गेले. अहमदाबादच्या अपघातानंतर तर विमानाचा नुसता आवाज आला तरी धस्स होतं. मिस्टर म्हणतात, एवढी माणसं बसतात, तुलाच काय होतं? एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्याकडची गोळी घेऊन बसायला सांगितलंय. मी काय करू?

उत्तर:

ताई, अडीच महिने पुरेसे आहेत. बाळंतपणाला तुम्ही विमानाने जाऊ शकाल. पण त्या दिवशी ओझरला, आपल्या नाशिकच्या विमानतळावर, पोचाल तेव्हा पोटात गोळा आलेला असेल, हेही आताच सांगून ठेवते. बहुतेक लोक माझ्याकडे येतात ते म्हणतात, आधी भीती घालवा, मग तिकीट काढतो. नाशिकमध्ये चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतेय, पण या क्रमाने कुणी बरं झालेलं मी पाहिलेलं नाही. माणूस भीतीसकट ती गोष्ट करतो, परत करतो, आणि मग कधीतरी भीती ओसरते. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं याच पायावर उभं आहे.

ओझरचंच उदाहरण घ्या. तिथे १९६४ पासून एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, आधी मिग आणि नंतर सुखोई ही लढाऊ विमानं तिथे जोडली गेली. लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की पाहुणा माणूस दचकून कानावर हात ठेवतो, आणि घरातली बाई भाजी निवडत असते, ती मानही वर करत नाही. तिला कुणी समजावून सांगितलेलं नसतं की आवाजाने काही होत नाही. तो आवाज तिने इतक्या वेळा ऐकलाय आणि दर वेळी काही झालेलं नाही, म्हणून तिचं शरीरच तो धोका मानायचं सोडून देतं. भीती कमी होते ती अशी. चार वर्षं विमान टाळल्यामुळे तुमच्या शरीराला हे शिकायची एकही संधी मिळालेली नाही. त्याच्या लेखी शेवटची नोंद अजून त्या दिल्ली-मुंबईचीच आहे.

आता तुमची भीती नेमकी कशाची, ते बघू. विमानाची भीती म्हणून माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या मनात फार वेगवेगळ्या गोष्टी असतात. म्हणून मी पहिल्यांदा एवढंच विचारते, सगळ्यात वाईट क्षण कुठला? कुणी म्हणतं, दार बंद होतं तो. त्याला कोंडलं जाण्याची भीती असते आणि बहुधा तो लिफ्टही टाळत असतो. कुणी म्हणतं, खिडकीतून खाली दिसतं तेव्हा. ती उंचीची भीती. कुणाला विमान कोसळेल असं वाटतं, तर कुणाला आपण सगळ्यांसमोर ओरडू, रडू, दाराकडे धावू असं वाटतं. विमान सगळ्यांना एकच दिसतं, पण उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा करावा लागतो.

तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. तुमच्यासाठी माझा प्रश्न असा आहे: समजा कुणी स्टँप पेपरवर लिहून दिलं की हे विमान पडणार नाही, पण दोन तास तीच धडधड, त्याच मुंग्या, तोच अडकलेला श्वास सोसावा लागेल, तर बसाल? शांतपणे विचार करा. उत्तर 'नाही' असेल, तर तुम्हाला विमानापेक्षा त्या धडधडीची भीती जास्त आहे. माझा अंदाज तोच आहे. आम्ही याला पॅनिक अटॅक म्हणतो. तो एकदा येऊन गेला की माणूस पुढच्या अटॅकला भिऊन राहतो, आणि तो जिथे आला ती जागा टाळायला लागतो.

म्हणून पहिलं काम तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. चार वर्षांपूर्वी तुम्ही ४८ च्या होतात. पाळी जाण्याच्या त्या वयात बायकांना अचानक छातीत धडधड होते, अंगातून गरम वाफा निघाल्यासारख्या वाटतात, घाम फुटतो. थायरॉइड वाढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तरीही धडधडतं. आयुष्यभर बिनधास्त विमानात बसणाऱ्या बाईला पन्नाशीच्या आसपास एकदम भीती बसते तेव्हा मी हे आधी तपासून घ्यायला सांगते. शरीराने स्वतःच्या कारणाने धडधड सुरू केलेली असते, नेमकं त्याच वेळी विमान हलतं, आणि मन दोन्हींची गाठ बांधून टाकतं. रक्त तपासा, रक्तदाब बघा, डॉक्टरांना गरज वाटली तर ईसीजी काढा. सगळं ठीक निघालं तर पुढच्या सरावात 'हे हृदयाचंच असलं तर?' ही शंका मागे लागत नाही.

त्या दिवशी तुमच्या शरीरात काय झालं ते सांगते, कारण हे कळलं की निम्मा धाक कमी होतो. विमान हललं, मेंदूने धोका ओळखला, अॅड्रेनलिन सुटलं. हृदय जोरात चालू लागलं, कारण पळायची किंवा लढायची वेळ आली तर स्नायूंना रक्त हवं. श्वास भराभर सुरू झाला. पण तुम्ही पट्टा लावून खुर्चीत बसलेल्या, पळणार कुठे? गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. गंमत अशी की हवा भरपूर आत जात असते आणि वाटतं मात्र की हवा मिळतच नाही. मग माणूस आणखी मोठा श्वास घेतो आणि मुंग्या आणखी वाढतात. तुम्हाला चक्कर येऊन पडण्याची भीती वाटली असेल. माणूस बेशुद्ध पडतो तो रक्तदाब एकदम खाली गेल्यावर. पॅनिकमध्ये तो सहसा वर असतो, म्हणून त्यात शुद्ध हरपणं क्वचितच घडतं. आणि ही लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते, मग उतरू लागते. तुम्ही काही केलं नाहीत तरी उतरते.

हे नुसतं सांगून मन मानत नाही, म्हणून मी ते खुर्चीत बसवून करवून घेते. सातपूरच्या एका कारखान्यात अभियंता असलेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. यंत्रांच्या बाबतीत हुशार. विमान कसं उडतं हे त्यांनीच मला समजावलं असतं. त्यांना मी एक मिनिटभर तोंडाने भराभर, खोल श्वास घ्यायला सांगितला. अर्ध्या मिनिटात चेहरा उतरला. मग त्यांनी दोन्ही हात समोर धरले, बोटं आपोआप आखडत होती, आणि त्या बोटांकडे बघत ते म्हणाले, "हेच. अगदी हेच होतं मला." बाहेर गंगापूर रोडची वाहतूक चालू होती, विमान कुठेच नव्हतं. मी त्यांना काहीच करू दिलं नाही, पाणी नाही, उठणं नाही, खिडकी उघडणं नाही. फक्त बघत राहा म्हटलं. दोन-तीन मिनिटांत बोटं सुटली. पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी हे घरी रोज केलं. ज्या मुंग्यांमुळे त्यांना मरण दिसत होतं, त्या त्यांना स्वतः आणता येऊ लागल्या आणि जाताना बघता येऊ लागल्या. त्यानंतर विमानात मुंग्या आल्या तेव्हा त्या अनोळखी राहिल्या नाहीत.

तुम्हीही हे करा, पण डॉक्टरांनी हृदय, दमा आणि फिट्स या तिन्हींबाबत निर्धास्त केल्यावरच, आणि पहिल्या एक-दोन वेळा कुणाच्या देखरेखीखाली. जिना भरभर चढून धडधड आणणं हाही सोपा प्रकार आहे. धडधड आली की लगेच बसू नका, नाडी मोजू नका. तिला तिच्या वेगाने जाऊ द्या.

आता अहमदाबाद. १२ जून २०२५ ला त्या विमानातल्या २४२ माणसांपैकी २४१ गेली, जमिनीवरचीही माणसं गेली. ते सगळ्यांनी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे येणाऱ्यांत हाच विषय होता, त्यात कधीही न घाबरणारेही होते. ते आठवून धस्स होणं हा आजार नाही. विमान कधीच पडत नाही असं मी तुम्हाला म्हणणार नाही, कारण ते खरं नाही आणि तुम्हाला ते पटणारही नाही. आकडे विमानाच्या बाजूने आहेत. २०२३ या अख्ख्या वर्षात जगभरात प्रवासी जेट विमानाचा एकही जीवघेणा अपघात झाला नाही, आणि आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. तरी मुंबईला निघताना कसारा घाटाचा विचार करून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. अशा आकड्यांनी घाबरलेलं माणूस शांत होत नाही, हा माझा रोजचा अनुभव आहे. शंभर टक्के खात्री तुम्हाला आयुष्यात कशाचीच नाही, आणि बाकी सगळीकडे तुम्ही त्या अनिश्चिततेसकट चालता, स्कूटर चालवता, लेकीला परगावी पाठवता. विमानापुरतीच तुम्ही पूर्ण खात्री मागताय. ती मागणी सोडून देणं हाही सरावाचाच भाग आहे. अपघाताचे व्हिडिओ बघणं मात्र आजपासून बंद. त्यातून मनाला काहीच नवं शिकायला मिळत नाही, फक्त जखम खरवडली जाते.

विमानाची थोडी माहिती हवीच, कारण न कळलेला आवाज घाबरलेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो. तुम्हाला हलण्याची धास्ती आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर सांगते. हवा कधी स्थिर नसते. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा जोराचा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतो, ढगांतून हवा खालीवर होत असते, त्यामुळे जून ते सप्टेंबर मुंबईत उतरताना विमान हलणं हे ठरलेलंच. एप्रिल-मेच्या दुपारी दख्खनची तापलेली जमीन हवेला वर ढकलते, तेव्हाही उतरताना-चढताना धक्के बसतात. म्हणून जमलं तर सकाळचं विमान घ्या, हवा तेव्हा बरीच शांत असते. आत बसून वाटतं की विमान शेकडो फूट कोसळलं. प्रत्यक्षात नेहमीच्या हेलकाव्यांत उंची काही फुटांनीच बदलते. समोरच्या टेबलावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवून बघा, पाणी किती कमी तिरकं होतं ते दिसेल.

पंख हलताना दिसले तर ते तसेच बनवलेले आहेत. प्रत्यक्ष सेवेत येऊ शकेल त्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसल्याशिवाय विमानाला मान्यता मिळत नाही. २०१० साली बोईंग ७८७ च्या चाचणीत पंखांची टोकं सुमारे २५ फूट वर वाकवली होती आणि पंख टिकले. हेलकाव्यांनी इजा होते ती जवळजवळ नेहमी पट्टा न लावलेल्यांना. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान जबरदस्त हललं, एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले. विमान मात्र बँकॉकला सुखरूप उतरलं. त्यातून घ्यायचं ते इतकंच की बसल्या जागी पट्टा सतत लावलेला असू द्या, डोक्यावरचा पट्ट्याच्या सूचनेचा दिवा विझला तरी.

बाकी आवाज थोडक्यात. उडाल्यावर खालून धाडकन आवाज येतो, ती चाकं आत जातात. उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि विमान खाली बसल्यासारखं वाटतं. या क्षणाला फार लोक खुर्चीचा दांडा घट्ट धरतात. इंजिन बंद पडलेलं नसतं. उड्डाणाला लागणारी ताकद आता लागत नाही म्हणून ती कमी केलेली असते, आणि चढण्याचा वेग जरा कमी झाला की कान त्याचा अर्थ 'खाली चाललो' असा लावतात. आपल्याकडे देशात सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए-३२० मध्ये जमिनीवर असतानाच पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, तो हायड्रॉलिक पंपाचा. एटीआर हे पंख्याचं विमान असेल तर आवाज जास्त येईल आणि ते कमी उंचीवरून जात असल्याने थोडं अधिक हलेलही. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी प्रवासी विमान उड्डाण पूर्ण करून परत उतरू शकतं, वैमानिकांना त्याचा सराव सिम्युलेटरवर ठरावीक काळाने करावाच लागतो. दोन्ही बंद पडली तरी विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. २००१ साली अटलांटिकवर इंधन संपलेलं एअर ट्रान्सॅटचं विमान इंजिनांशिवाय जवळजवळ १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं, सगळे वाचले. श्वासाबद्दल सांगायचं तर, आतली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याहून थोडी वर. निरोगी माणसाला तिथे गुदमरत नाही, आणि विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलत असते.

हे सगळं एकदा वाचा आणि पुरे. रोज रात्री हेच शोधत बसलात तर त्याचीच सवय लागेल, आणि इथे मी तुमचं लक्ष एका अवघड गोष्टीकडे वेधते. भीती टिकवून ठेवण्यात विमान टाळण्याइतकाच वाटा आपण सुरक्षित वाटावं म्हणून करतो त्या बारीकसारीक गोष्टींचा असतो. विमान कुठे पोचलं ते फोनवर सारखं बघणं. आठ दिवस आधीपासून हवामान तपासणं. हवाई सुंदरीच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणं, ती हसली की हुश्श. 'काही होणार नाही ना?' असं नवऱ्याला दर तासाला विचारणं. या सगळ्यांनी त्या क्षणी बरं वाटतं. पण प्रवास सुखरूप पार पडला की मन हिशेब मांडतं: मी लक्ष ठेवलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी आणखी लक्ष ठेवावं लागतं. सातपूरच्या त्या गृहस्थांना विमान हलताना पायाने जमीन दाबून धरायची सवय होती, जणू ते विमान पेलून धरत होते. पाय सैल सोडून बसणं हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

नाशिककरांच्या बाबतीत यात देवाचाही प्रश्न येतो, तो मी टाळत नाही. तुम्ही रामरक्षा म्हणत असाल तर विमानातही म्हणा, जरूर म्हणा. श्रद्धेने मन स्थिर होतं हे मी रोज बघते. फक्त स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: मध्ये शब्द चुकला, पाठ अर्धा राहिला तर छातीत धस्स होतं का? आता काहीतरी वाईट होईल असं वाटतं का? तसं होत असेल तर ती प्रार्थना राहिलेली नाही, भीतीने तिला कामाला जुंपलंय. अशा वेळी रामरक्षा सकाळी घरी देवासमोर शांतपणे म्हणून निघा, आणि विमानात मुद्दाम नका म्हणू. माझ्याकडे येणाऱ्या एका भाविक बाईंना हे मनाला फार लागलं होतं. नंतर त्याच म्हणाल्या, आता म्हणताना देव आठवतो, आधी विमान आठवायचं.

ओळखीच्या बाईंची गोळी घेऊ नका. ती बहुधा अल्प्राझोलाम हे घबराट तात्पुरती दाबणारं औषध किंवा त्याच्या जातीची असेल, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीच. विमानात पहिल्यांदाच घेतली तर काय परिणाम होईल हे सांगता येत नाही, गुंगीत तोल जाऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे तिने तुमचं शिकणंच थांबतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी १९९७ साली विमानाला घाबरणाऱ्या स्त्रियांवर हाच प्रयोग केला होता. काहींना अल्प्राझोलाम दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पहिल्या प्रवासात औषधवाल्यांना भीती कमी वाटली. आठवड्याने सगळ्यांना काहीही न देता पुन्हा विमानात बसवलं, तेव्हा आधी औषध घेतलेल्यांनाच जास्त भीती आणि जास्त पॅनिक अटॅक आले. औषधाला माझा विरोध नाही. पॅनिक अटॅक घरी, बाजारात, रात्री झोपेतही येत असतील, किंवा मन सतत खिन्न असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते रोज घ्यायची वेगळी औषधं देतात आणि ती सरावाच्या आड येत नाहीत. आत्ता लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आता अडीच महिन्यांचं कसं करायचं. पहिले दोन आठवडे डॉक्टर आणि श्वासाचा सराव. त्याबरोबर एक काम: त्या दिल्ली-मुंबई प्रवासाची हकिगत वर्तमानकाळात लिहून काढा. 'मी खिडकीशी बसलेय, ढग आलेत, विमान हलतंय' अशी, सगळ्यात वाईट क्षणापर्यंत, कुठेही न सावरता. स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा आणि रोज अर्धा तास ऐका. पहिले काही दिवस रडू येईल. ऐकत राहिलात तर एक दिवस कंटाळा येईल. मला तो कंटाळाच हवा आहे. मग विमानाच्या उड्डाणाचे आतून केलेले व्हिडिओ हेडफोन लावून, दार बंद करून, खुर्चीत ताठ बसून बघा. हेडसेट लावून आभासी विमानात बसवण्याची पद्धतही आहे. २००० साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम यांच्या अभ्यासात ती विमानतळावर नेऊन केलेल्या सरावाइतकीच उपयोगी ठरली. तुमच्या समुपदेशकांकडे ती सोय असेल तर वापरा, नसेल तर अडत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घराबाहेर पडा. वणीला सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉलीने, म्हणजे उतारावरच्या रुळांवरून दोराने वर ओढल्या जाणाऱ्या डब्याने जा. मनाप्रमाणे मध्येच उतरता येत नाही, सूत्रं दुसऱ्याच्या हातात, खाली दरी, म्हणजे तुम्हाला हवं ते सगळं त्या थोड्या वेळात आहे. चालत किंवा गाडीने नका चढू, यावेळी ट्रॉलीच. त्यानंतर ओझर. शहरापासून वीस-एक किलोमीटर. विमान यायची-जायची वेळ बघून जा आणि विमान उतरताना, उडताना बाहेरून नुसतं बघा. धडधड सुरू झाली की परत फिरायचा मोह होईल. ती निम्म्याने उतरेपर्यंत तिथेच थांबा. भीती शिगेला असताना परत फिरलात तर शरीर शिकतं की पळालो म्हणून वाचलो. उतरल्यावर निघालात तर वेगळंच शिकतं. हा फरक फार मोठा आहे, म्हणून वेळ हातात ठेवून जा, डबा घेऊन जा. अशा दोन-चार चकरा करा.

परवडत असेल तर बंगळूरच्या आधी मिस्टरांबरोबर एक छोटा प्रवास करा, जवळच्या कुठल्याही शहराचा. पैसे जातात हे खरं. पण बाळंतपणाला जाताना लेकीची काळजी, तारखेची घाई आणि चार वर्षांनंतरचं पहिलं विमान असं तिन्ही एकदम अंगावर येतं. शक्य असेल तर पहिलं विमान त्यातून वेगळं काढा.

मिस्टरांना माझा निरोप. 'एवढी माणसं बसतात' हे वाक्य खरं आहे आणि त्याने तिला फक्त लाज वाटते, भीती तशीच राहते. 'काही होत नाही गं' हेही दर वेळी म्हणू नका, त्याची तिला सवय लागेल. तिने विचारलं तर एवढंच म्हणा, "भीती वाटतेय ना, वाटू दे. मी आहे इथे." आणि मग दुसऱ्या विषयावर बोला, नाव काय ठेवायचं, कुणासारखं दिसेल.

प्रत्यक्ष दिवशी ओझरहून थेट विमानानेच जा. मुंबई विमानतळाची गर्दी, लांबच लांब रांगा आणि तिथवरचा रस्ता हे सगळं वाचतं. पंखांच्या जवळची जागा घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. चहा-कॉफी कमी, पण उपाशी राहू नका. थोडं वरण-भात किंवा पोहे खाऊन निघा. आत गेल्यावर हवाई सुंदरीला एकदाच सांगा, मला भीती वाटते. लपवण्यात जी ताकद जाते ती वाचते. उड्डाणाला श्वास मोजा: आत चारपर्यंत, बाहेर सहापर्यंत, नाकाने, पोटाने. हा श्वास भीती घालवायला नाही, मुंग्या वाढू नयेत म्हणून आहे. पाय सैल, हात मांडीवर. धडधड आली तर मनात शब्दांनी सांगा, आता छातीत धडधडतंय, आता हात थंड झालेत. ती दहापैकी किती आहे ते वहीत लिहा, दर पाच मिनिटांनी. आकडा वर जाईल, खाली येईल, पुन्हा वर जाईल. तो शून्यावर आणायचा प्रयत्न करू नका. विमान हललं की डोळे मिटू नका, आजूबाजूला बघा, कुणी झोपलेलं असेल, कुणी मुलाला बिस्किट भरवत असेल.

दारापर्यंत जाऊन पाय अडलेच तर तो प्रवास वाया गेला असं समजू नका. तिथेच बाजूला बसा, धडधड उतरेपर्यंत थांबा, मग घरी या. आणि त्याच आठवड्यात पुढचं तिकीट काढा, कारण अंतर पडलं की भीतीला पुन्हा बळ येतं.

परतीचं तिकीटही विमानाचंच काढा, आत्ताच, जातानाच्या तिकिटाबरोबर. बंगळूरला पोचल्यावर 'एकदा झालं ना, येताना रेल्वेने येते' असं मनात येईल, आणि घरातलेही प्रेमाने तेच सुचवतील. एका प्रवासाने शरीराची खात्री पटत नाही. परतीच्या वेळी भीती पहिल्यापेक्षा जास्तही वाटू शकते. तसं झालं तर उपचार फसला असं धरू नका, वही तीच, श्वास तोच. त्यानंतर वर्षभर तीन-चार महिन्यांतून एकदा तरी विमानात बसा. नातवंड बंगळूरला असताना त्यासाठी निमित्त शोधावं लागणार नाही.